स्वतःची कॉपी करणारं यंत्र आणि जॉन फॉन नॉयमन

कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं असेल तर जॉन फॉन नॉयमन हे नाव तुम्हाला एका आकृतीपुरतं माहीत असतं. सीपीयूचा एक चौकोन, मेमरीचा एक चौकोन, मधे दोन बाण. आपल्याकडे बहुतेक जण व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर म्हणतात. परीक्षेत त्यावर टीप लिहा असं येतं, आपण लिहितो आणि विसरून जातो. तुमच्या हातातला फोनही मुळात त्याच आकृतीचा वंशज आहे, त्यामुळे त्या टिपेला तसा अर्थ आहेच.

पण या माणसाबद्दल मला लिहायचंय ते दुसऱ्या एका कामामुळे. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत ते एकाच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळत राहिले. सजीव वस्तू स्वतःसारखी दुसरी वस्तू कशी बनवते? आणि हे एखाद्या यंत्राला जमू शकेल का? त्यांनी यासाठी ना बेडूक कापला ना मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्यांनी जीवशास्त्राचा प्रश्न चौकटींच्या वहीवर आणला. डिस्क्रीट मॅथ्स हा विषय कशाला शिकायचा असं सेकंड इयरला प्रत्येकाला वाटतं. त्याचं मला पटलेलं सगळ्यात भारी उत्तर हे आहे.

बुडापेस्ट ते प्रिन्स्टन

जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. घरातलं नाव यानोश. कुटुंब ज्यू, सधन. वडील मिक्सा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. १९१३ साली त्यांना सरदारकी मिळाली आणि नावातलं ते फॉन तिथून आलं. यानोश तीन भावांतला थोरला. शाळेत एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होते, ज्यांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं. लहानपणीच्या अफाट पाठांतराचे किस्से इंटरनेटवर ढिगाने सापडतील. मला त्यांच्यात फारसा रस नाही.

त्यापेक्षा पुढचा भाग आपल्याला जवळचा वाटेल. मुलाला गणित करायचं होतं आणि वडिलांना काळजी की गणितात पैसा नाही. मग तोडगा निघाला. मुलाने झुरिकला केमिकल इंजिनिअरिंग करायचं आणि त्याच वेळी बुडापेस्टला गणितात डॉक्टरेट. १९२६ साली दोन्ही पदव्या हातात होत्या. इंजिनिअरिंग कर आणि मग काय करायचं ते कर, हे वाक्य फक्त पुण्या-नाशिकच्या घरांतच बोललं जातं असं नाही.

१९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. तिथली इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी सुरू झाली तेव्हा, १९३३ मध्ये, ते तिथल्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक होते. आइन्स्टाइनही त्याच यादीत. नॉयमन तेव्हा तिशीच्याही आत होते. क्वांटम मेकॅनिक्सचा गणिती पाया, गेम थिअरी, सेट थिअरी, एवढं सगळं त्यांच्या नावावर आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे.

युद्ध, आणि एक कच्चा मसुदा

दुसऱ्या महायुद्धात नॉयमन लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात होते. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी सारख्या दाबाने आत चेपायचा, तर भोवतीच्या स्फोटकांची रचना कशी हवी, हे गणित त्यांच्या हातून गेलं. नागासाकीवर पडला तो बॉम्ब याच पद्धतीचा होता. जपानमधली कोणती शहरं निवडायची हे ठरवणाऱ्या समितीतही ते बसले होते. सजीवांच्या कोड्यावर इतका प्रेमाने विचार करणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे. मला या दोन गोष्टी नीट जुळवता येत नाहीत आणि ओढूनताणून जुळवाव्यात असंही वाटत नाही.

या बॉम्बच्या कामात आकडेमोडीचा डोंगर होता. १९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या ॲबर्डीन रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी भेट झाली. गोल्डस्टाइन तेव्हा एनियाक या इलेक्ट्रॉनिक कम्प्युटरच्या प्रकल्पावर होते. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब असलेलं ते यंत्र फिलाडेल्फियात बनत होतं. नॉयमन त्या टोळीत सामील झाले आणि पुढच्या यंत्रासाठी, एडव्हॅकसाठी, जून १९४५ मध्ये त्यांनी एक मसुदा लिहिला. आपली परीक्षेतली आकृती तिथून आली. गोल्डस्टाइन यांनी तो मसुदा फक्त नॉयमन यांचं नाव घालून वाटला. एकर्ट आणि मॉकली, ज्यांनी हे यंत्र प्रत्यक्ष बांधलं होतं आणि प्रोग्रॅम मेमरीत ठेवण्याच्या चर्चेत बरोबरीने होते, ते यावर कायमचे नाराज झाले. माझ्या मते त्यांची नाराजी रास्त होती. टीममध्ये काम करणाऱ्या कुणालाही ती कळेल.

पण त्या मसुद्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यात दुसऱ्या कुणाच्या फक्त एकाच प्रकाशित लेखाचा उल्लेख आहे आणि तो लेख इलेक्ट्रॉनिक्सवरचा नाही. तो मेंदूवरचा आहे. वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी तो १९४३ साली लिहिला होता. पिट्स तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे.

त्या लेखातला न्यूरॉन असा आहे. तो एक तर पेटतो नाहीतर शांत राहतो, म्हणजे १ किंवा ०. त्याच्याकडे दुसऱ्या न्यूरॉन्सकडून तारा येतात. ठरावीक संख्येइतक्या तारांवर एकाच वेळी १ आला की हा पेटतो. दोन तारा असतील आणि उंबरठा २ असेल तर तो अँड गेट झाला. उंबरठा १ ठेवला तर ऑर गेट. गप्प बसवणारी एखादी तार जोडली की नॉट पण मिळतो. म्हणजे मेंदूच्या पेशीचं पार सोपं करून टाकलेलं चित्र घेतलं आणि त्यातून अख्खं लॉजिक उभं राहिलं. नॉयमन यांनी मसुद्यात व्हॅक्यूम ट्यूबचं तांत्रिक वर्णन बाजूला ठेवलं आणि कम्प्युटरचं सर्किट या कागदी न्यूरॉनच्या भाषेत लिहिलं. आपण आज म्हणतो की कम्प्युटर मेंदूसारखा होत चाललाय. खरं तर आपल्या कम्प्युटरची पहिली प्रसिद्ध आकृतीच न्यूरॉनच्या चिन्हांत काढली गेली होती.

मेंदू नको, विषाणू घेऊ

यानंतर कुणीही मेंदूचा पिच्छा पुरवला असता. नॉयमन यांनी उलट केलं. नोव्हेंबर १९४६ मध्ये त्यांनी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांना एक लांब पत्र लिहिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की आपण समजून घ्यायला जगातली सगळ्यात गुंतागुंतीची वस्तू निवडली आहे. त्याऐवजी विषाणूसारखी सगळ्यात लहान गोष्ट घेऊ, जी स्वतःच्या प्रती काढते. तिच्यात किती भाग आहेत हे निदान मोजता तरी येईल.

हे मला खास इंजिनिअरचं डोकं वाटतं. दहा लाख ओळींच्या कोडमध्ये बग सापडत नसेल तर आपण काय करतो? तोच बग दाखवणारा वीस ओळींचा प्रोग्रॅम बनवतो.

मग प्रश्न उरतो एकच. स्वतःची प्रत काढणं म्हणजे नेमकं काय?

साचा आणि विरजण

मोदकाचा साचा मोदक करतो, साचा करत नाही. फोनचा कारखाना फोन करतो, कारखाना करत नाही. आणि साधारणपणे बनवणारी वस्तू बनलेल्या वस्तूपेक्षा जास्त गुंतागुंतीची असते. मग घरातल्या विरजणाचं काय? चमचाभर दही दुधाला लावलं की उद्या भांडंभर दही, आणि त्यातला कुठलाही चमचा परवा पुन्हा विरजण. साच्याच्या बाबतीत दर पिढीला काहीतरी हरवतं. विरजणाच्या बाबतीत काहीच हरवत नाही, कारण आतले जिवाणू स्वतःच्या प्रती काढत असतात.

आता हेच यंत्राकडून करून घ्यायचं म्हणा. यंत्राला स्वतःचा नकाशा द्यायचा आणि सांगायचं, या नकाशाप्रमाणे बांध. पण बाळयंत्राकडेही नकाशा हवा, नाहीतर त्याला पुढची पिढी बांधता येणार नाही. मग नकाशात नकाशाचाही नकाशा हवा. आणि त्या नकाशाचा नकाशा. हे संपतच नाही. दोन आरसे समोरासमोर धरल्यासारखं होतं.

नॉयमन यांनी यावर काढलेला तोडगा सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे, हिक्सन परिषदेत मांडला. समोर मेंदूचे आणि मनाचे अभ्यासक होते. तोडगा असा. यंत्राचे तीन भाग करा. पहिला भाग बांधणारा. त्याला कुठल्याही यंत्राचं वर्णन दिलं की तो ते यंत्र बांधतो. दुसरा भाग कॉपी करणारा. त्याला वर्णनाचा अर्थ कळत नाही, तो फक्त अक्षराला अक्षर उतरवतो. तिसरा भाग मुकादम. तो आधी बांधणाऱ्याला कामाला लावतो, मग कॉपी करणाऱ्याला, मग तयार यंत्राच्या हातात वर्णनाची प्रत देऊन त्याला मोकळं सोडतो. आता वर्णनपट्टीवर या तीन भागांचं वर्णन लिहा. पट्टीचं वर्णन पट्टीवर लिहायची गरजच उरत नाही, कारण पट्टीची नक्कल होते. तिला वाचून कुणी पुन्हा बांधत नाही.

एकच मजकूर दोन प्रकारे वापरायचा. एकदा हुकूम म्हणून पाळायचा आणि एकदा निव्वळ अक्षरं म्हणून उतरवायचा. सगळी युक्ती एवढीच. कागदावर करून बघायची असेल तर मित्राला ही ओळ लिहून द्या आणि सांगा, यात सांगितलंय तसं कर:

पुढचं दोनदा लिही, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत : “पुढचं दोनदा लिही, दुसऱ्यांदा अवतरणचिन्हांत :”

त्याने सूचना नीट पाळली तर त्याच्या कागदावर हीच ओळ, काना-मात्रेसकट, उतरलेली असेल. अवतरणाबाहेरचा भाग हुकूम आहे आणि आतला भाग पट्टी. प्रोग्रॅमिंगमध्ये स्वतःचाच कोड छापणाऱ्या अशा प्रोग्रॅमला क्वाइन म्हणतात. पायथनमध्ये लिहून बघा. गूगल न करता जमला तर अर्धा तास सार्थकी लागतो.

आता तारखा बघा. हे भाषण १९४८ चं. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनी एप्रिल १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. पेशी डीएनए कसं वाचते ते समजायला त्यानंतरही दहा-बारा वर्षं गेली. आणि जे समजलं ते हेच होतं. डीएनए ही पट्टी. पॉलिमरेज नावाचं एन्झाइम तिची अर्थ न लावता अक्षराला अक्षर नक्कल करतं. रायबोसोम आणि त्याच्या सोबतची यंत्रणा तिचा अर्थ लावून प्रोटीन बांधते. पट्टी तीच, वापर दोन.

इथे थोडं सांभाळून बोलायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर असले लेख लगेच 'नॉयमन यांनी डीएनए आधीच शोधलं होतं' असे होतात. तसं नाही. डीएनए हा रेणू त्या भाषणात नाही आणि वॉटसन-क्रिक यांनी ते भाषण वाचून काही केलं असंही नाही. सिडनी ब्रेनर या नोबेल विजेत्या जीवशास्त्रज्ञाने नंतर सांगितलंय की त्यांनी नॉयमन यांचा लेख पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच वाचला होता, पण त्याचा संबंध त्यांना फार उशिरा लागला. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९४४ च्या पुस्तकात गुणसूत्रांमध्ये आराखडा आणि तो अमलात आणायची यंत्रणा दोन्ही आहे असं मांडलं होतं. नॉयमन यांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ब्रेनर यांच्या मते फरक पडतो तो इथेच.

मॉडेल काय करू शकतं याचं हे उत्तम उदाहरण आहे. कुठला रेणू हे मॉडेलने सांगितलं नाही. पण रेणू कुठलाही असो, त्याला हे दोन वापर लागणारच, हे सांगितलं. आणखी एक गोष्ट फुकटात मिळाली. पट्टीवर एक अक्षर चुकलं तर बाळयंत्र वेगळं निघेल आणि तो फरक पुढच्या पिढ्यांत जाईल, कारण चुकीचीही इमानाने नक्कल होणार. बांधणाऱ्या भागाने मात्र एखादा स्क्रू वाकडा लावला तर ती चूक त्या यंत्रापुरती. जीवशास्त्रात पहिल्याला म्युटेशन म्हणतात.

सुटं सुटं का करायचं?

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की आठव्या-नवव्या प्रतीला अक्षरं फुगायला लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पुन्हा पुन्हा पाठवत गेलेला फोटोही पुसट होत जातो, कारण तो वाटेत पुन्हा पुन्हा दाबून लहान केला जातो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शंभराव्या माणसाकडेही जसाच्या तसा पोचतो. करड्या रंगाची छटा थोडी सरकली तर ती सरकलेलीच राहते. पण जिथे फक्त ० आणि १ एवढेच पर्याय आहेत, तिथे किंचित घाणेरडा १ हा पुन्हा स्वच्छ १ म्हणून लिहिता येतो. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी नक्कल हवी असेल तर मजकूर सुट्या, मोजक्या चिन्हांचा असणं फार सोयीचं. डीएनएत चार अक्षरं आहेत. मेंडेल यांना वाटाण्याच्या रोपांत उंच आणि बुटके असे वेगळेच गट मिळाले, मधल्या उंचीचा गोळा झाला नाही, त्याचंही मूळ याच सुटेपणात आहे. गणित सोपं जावं म्हणून आपण निसर्गाचे तुकडे करतो असं नेहमी वाटतं. आनुवंशिकतेच्या बाबतीत तुकडे आधीपासूनच होते.

तळ्यातून वहीवर

नॉयमन यांचं पहिलं चित्र जरा सिनेमासारखं होतं. एक तळं, त्यात सुटे भाग तरंगतायत. काही भाग दांडे आहेत, काही जोडणारे, काही कापणारे, काही स्नायूसारखे, काही लॉजिकचे. त्यात यंत्र फिरतं, हवे ते भाग उचलतं आणि स्वतःसारखं दुसरं यंत्र जोडतं. डिसेंबर १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांनी यावर व्याख्यानं दिली. अडचण अशी की भाग उचलणं, फिरवणं, चिकटवणं यातच सगळा वेळ जातो आणि मूळ तर्क झाकला जातो.

लॉस अलामॉसचे त्यांचे मित्र, गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांनी सुचवलं की तळं सोडून दे, पट घे. अमर्याद चौकटींची वही. प्रत्येक घर एका ठरावीक अवस्थेत. घड्याळाचा प्रत्येक ठोका पडला की प्रत्येक घर फक्त आपली आत्ताची अवस्था आणि वर, खाली, डावी, उजवी अशा चार शेजाऱ्यांकडे बघतं आणि एकाच नियमाने आपली पुढची अवस्था ठरवतं. कुणी वरून हुकूम देत नाही. याला सेल्युलर ऑटोमॅटन म्हणतात.

हे डोक्यात बसायला एक सोपा नियम करून बघा. तो नंतरचा आहे, एडवर्ड फ्रेडकिन यांच्या नावाने ओळखला जातो. नियम: चार शेजाऱ्यांपैकी काळे विषम असतील तर पुढच्या ठोक्याला मी काळा, सम असतील तर पांढरा. वहीवर मधे एक घर काळं करा. पहिल्या ठोक्याला मधलं पांढरं होतं आणि चारी बाजूंची चार घरं काळी. दुसऱ्या ठोक्याला ती पांढरी होतात आणि दोन-दोन घरं लांब चार काळी उमटतात. चौथ्या ठोक्याला चार घरं लांब. आता एका घराऐवजी तुमच्या नावाचं पहिलं अक्षर काढा आणि करत राहा. मधे नुसता गोंधळ दिसेल. पण २, ४, ८, १६ अशा ठोक्यांपैकी पुरेशा मोठ्या ठोक्याला तुमच्या अक्षराच्या चार स्वच्छ प्रती चार दिशांना उभ्या असतील. मी पहिल्यांदा हे स्क्रीनवर बघितलं तेव्हा कोड पुन्हा तपासला होता. कोड बरोबर होता.

मग झालं की काम? नॉयमन यांच्या अटीत हे बसत नाही. इथे अक्षर काहीच करत नाही, नियमच त्याला ओढत नेतो. मिठाचा स्फटिकही असाच आपल्या रचनेच्या प्रती वाढवतो. नॉयमन यांना असं यंत्र हवं होतं जे पट्टी वाचून काहीही बांधू शकेल, आणि त्या 'काहीही'त ते स्वतःही असेल. त्यासाठी त्यांनी प्रत्येक घराला २९ अवस्था दिल्या. एक निद्रिस्त, आठ घडत असलेल्या, सोळा तारांसारख्या ज्या सिग्नल वाहून नेतात, आणि चार तारा जोडणाऱ्या. यांच्यातून बांधकामाचा हात, पट्टी वाचायची यंत्रणा, घड्याळं, स्विच सगळं घराघराने रचायचं. अख्खं यंत्र साधारण दोन लाख घरांचं होईल असा अंदाज होता, आणि त्यातला मोठा भाग लांबच लांब पट्टीचा. हे सगळं १९५२-५३ मध्ये हाताने, कागदावर. लिखाण पूर्ण झालं नाही.

बिघडलेल्या भागांचं शरीर

याच काळातला त्यांचा आणखी एक प्रश्न मला रोजच्या कामामुळे फार जवळचा वाटतो. तुमच्या शरीरात आत्ता, हे वाचताना, कितीतरी पेशी बिघडतायत. तरी तुम्ही वाचताय. तेव्हाच्या कम्प्युटरची एक ट्यूब गेली तर उत्तर चुकायचं किंवा यंत्र थांबायचं. इंजिनिअर बिघाड दिसला की थांबतो आणि शोधतो. शरीर बिघाड धरूनच चालतं. असं का?

१९५२ साली त्यांनी यावर व्याख्यानं दिली. भाग अविश्वासू असणार हे गृहीतच धरा. मग एका तारेऐवजी तारांचा जुडगा घ्या, प्रत्येक काम अनेकांकडून करून घ्या आणि बहुमत घ्या. प्रत्येक भागाची चुकण्याची शक्यता एका मर्यादेच्या आत असेल, तर जुडगा वाढवत नेऊन पूर्ण यंत्राची चूक हवी तितकी कमी करता येते. मात्र मतं मोजणारा भागही चुकू शकतो, हे त्यांनी हिशेबात धरलं होतं आणि खरी मेख तिथेच आहे. आज तुमचे फोटो क्लाउडवर एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवलेले असतात. डिस्क जाणारच हे धरून चालायचं, हा विचार त्याच कुळातला.

पाच केबीचं जग

प्रिन्स्टनला नॉयमन यांनी स्वतःचा कम्प्युटर बांधून घेतला. १९५२ मध्ये तो सुरू झाला. मेमरी १,०२४ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा, म्हणजे एकूण ५ केबी. व्हॉट्सॲपचा एक स्टिकर त्यात मावला नसता. आराखडा मोकळेपणाने वाटला गेला आणि जगभर त्याची भावंडं तयार झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक, भारतात बांधलेला सुरुवातीचा कम्प्युटर, याच वळणाचा होता.

या ५ केबीत मार्च १९५३ मध्ये निल्स बारिचेल्ली या पाहुण्या शास्त्रज्ञाने आकड्यांचे जीव सोडले. आकडे एका ओळीत बसायचे, नियमाने स्वतःच्या प्रती शेजारी टाकायचे, एकमेकांवर आदळायचे, टिकायचे किंवा मरायचे. दिवसा त्याच कम्प्युटरवर हायड्रोजन बॉम्बची आणि हवामानाची गणितं चालत. बारिचेल्ली यांना बहुतेक रात्रीची पाळी मिळे.

अपुरं

१९५५ मध्ये नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगावर नेमले गेले आणि त्याच वर्षी त्यांना कॅन्सर असल्याचं कळलं. वय ५१. येल विद्यापीठाने सिलिमन व्याख्यानांसाठी बोलावलं होतं, विषय कम्प्युटर आणि मेंदू. ते लिहीत राहिले. १९५६ च्या सुरुवातीला ते व्हीलचेअरवर आले आणि फेब्रुवारीत त्याच अवस्थेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून पदक घेतलं. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात दाखल झाले ते तिथेच राहिले. डोक्यात लष्करी गुपितं होती, म्हणून खोलीबाहेर पहारा होता. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी ते गेले. व्याख्यानं कधी दिली गेली नाहीत. पेशी नक्कल करताना चुकतात आणि त्या चुकीचीही इमानाने नक्कल होत राहते, तेव्हा जो आजार होतो तोच त्यांना झाला होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण न लिहिणंही बरोबर नाही.

व्याख्यानांचं ते अर्धवट लिखाण १९५८ मध्ये पुस्तक म्हणून आलं. प्रस्तावना त्यांच्या पत्नी क्लारा यांची. क्लारा स्वतः एनियाकवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतल्या, हे आपल्या पुस्तकांत सहसा नसतं. त्या छोट्या पुस्तकात नॉयमन स्वतःच्याच जुन्या ०-१ न्यूरॉनकडे वळून बघतात. न्यूरॉनची ठिणगी सुटी आहे हे खरं, पण निरोप बऱ्याचदा ठिणग्या किती वेगाने पडतात त्यात असतो, आणि वेग ही सलग बदलणारी गोष्ट आहे. मेंदूतल्या हिशेबाची अचूकता आपल्या कम्प्युटरपेक्षा फारच कमी, तरी तो नीट चालतो. म्हणजे मेंदू आतून जी भाषा वापरतो ती आपल्या गणिताची भाषा नसावी, इथवर ते येतात. पट्टीच्या बाबतीत सुटं मॉडेल जिंकलं होतं. मेंदूच्या बाबतीत ते अपुरं पडतंय हे ज्याने ते कम्प्युटरमध्ये आणलं त्यानेच नोंदवून ठेवलं. त्यांना पटाच्या मॉडेलनंतर सलग आणि शक्यतांवर चालणारी मॉडेलंही करायची होती. वेळ मिळाला नाही.

पटाचं अर्धवट हस्तलिखित आर्थर बर्क्स यांनी हाती घेतलं, गाळलेल्या जागा भरल्या आणि १९६६ मध्ये छापलं. १९७० मध्ये जॉन कॉनवे यांनी २९ अवस्थांच्या जागी फक्त दोन ठेवून गेम ऑफ लाइफ काढला आणि ही कल्पना शाळकरी पोरांपर्यंत पोचली. ट्यूमर कसा पसरतो, जंगलातली आग कशी सरकते, यासाठी संशोधक आज असे पट वापरतात, बहुतेक वेळा सलग समीकरणांच्या जोडीने.

आणि ते मूळ यंत्र? नियमांत थोडी भर घालून, ३२ अवस्थांवर, ते १९९५ साली उंबेर्तो पेसावेंतो यांनी कम्प्युटरवर पहिल्यांदा चालवून दाखवलं. आता गॉली नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २९ अवस्थांचा मूळ नियमही आहे. त्यात स्वतःची नक्कल करणारं एखादं यंत्र उघडा आणि झूम आउट करा. यंत्र एका कोपऱ्यात ठिपक्याएवढं दिसतं आणि त्याच्या शेजारून पट्टी स्क्रीनच्या बाहेर लांबवर गेलेली असते. सुरू केल्यावर बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. मग बाजूला रिकाम्या घरांमध्ये एक हात पुढे सरकतो आणि पहिलं घर रंगतं.